नकाराचं कारण लिहून द्या

प्रति,
माननीय केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.



नारपोलीतल्या एखाद्या लूम कारागिराचा पासपोर्टचा अर्ज फेटाळला गेला, तर त्याला दोन गोष्टी मागता येतात. एक म्हणजे कारण. पासपोर्ट कायदा, १९६७, कलम ५(३) सांगतं की अधिकाऱ्यानं नकाराची कारणं थोडक्यात लेखी नोंदवायची आणि अर्जदारानं मागितली तर त्याला प्रत द्यायची. दुसरी गोष्ट अपील. ते त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे. आता हाच कारागीर एखाद्या परदेशी मुलीशी रीतसर लग्न करतो, भिवंडी-निजामपूर महापालिकेत नोंदणी करून दाखला आणतो, आणि त्या मुलीला इथे नांदायला यायचा व्हिसा नाकारला जातो. त्यानं काय मागायचं? कारण मिळण्याचा हक्क नाही आणि अपिलाची पायरीही नाही. पासपोर्टच्या पुस्तिकेला जे संरक्षण आहे, ते संसाराला नाही. या एका फरकाबद्दल हे पत्र आहे.

माझ्या घरात कुणाचा व्हिसा अडकलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. अंजूरफाट्याच्या बाजूला माझं झेरॉक्सचं आणि अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट, शाळेचे फॉर्म हे रोजचं काम. परदेशी नवऱ्याचे किंवा बायकोचे कागद त्या मानानं क्वचित येतात. पण ज्यांचे येतात, त्यांना नकारानंतर पुढचा कुठलाच फॉर्म भरून देता येत नाही. बाकी सगळ्या खात्यांच्या नकाराला काहीतरी उत्तर लिहिता येतं.

परदेशी जोडीदार म्हटलं की दिल्लीत बसून कुणाच्या डोळ्यांपुढे मोठ्या घरातली लग्नं येतील. भिवंडीत तसं नाही. इथली जुनी कोकणी मुसलमान घराणी घ्या. फाळणीनंतर त्यांतल्या अनेकांची अर्धी नाती कराचीत गेली आणि मामेबहीण-आतेभाऊ अशी लग्नं सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना होत राहिली. खाडीपलीकडे उल्हासनगर आहे, निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलेलं सिंधी माणसांचं शहर. तिथेही सिंधमधून आलेल्या सुना आहेत, जावई आहेत. शिवाय आखातात नोकरीला गेलेली पोरं तिथेच फिलिपिन्सच्या किंवा इंडोनेशियाच्या मुलीशी लग्न करतात आणि मग तिला आईला भेटवायला आणायचं म्हणतात. नेपाळच्या सुनेला काही अडचण नाही, कारण १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे तिला व्हिसाच लागत नाही. बाकी बहुतेकांना लागतो, आणि लागावाही. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

कागद तरी किती! लग्नाचा दाखला, दोघांचे पासपोर्ट, भारतीय जोडीदाराचं हमीपत्र, राहत्या जागेचा पुरावा. जागेचा पुरावा म्हणजे आमच्याकडे टोरेंटचं विजेचं बिल. आणि ते बिल बहुतेक वेळा खोलीच्या मालकाच्या नावावर असतं, मालक सांगेल तेव्हा भाडेकरार होतो, त्यावर नोटरी. परदेशी माणूस घरात उतरला की २४ तासांत त्याची नोंद करणारा फॉर्म भरायचा. मग चौकशी. पोलीस शेजाऱ्यांना विचारतात की हे दोघं खरंच एकत्र राहतात का. शेजारीण काय सांगेल ते तिच्या त्या दिवसाच्या मूडवर. एवढं सगळं होऊन नकार येतो तेव्हा माणसाला कळत नाही की यांतल्या कुठल्या कागदात खोट निघाली. बिलात? नावाच्या स्पेलिंगमध्ये? शेजारणीच्या बोलण्यात? की कागदांशी काहीच संबंध नव्हता आणि फाईल उघडायच्या आधीच देशाचं नाव बघून निर्णय झाला होता?

माहितीचा अधिकार आहे ना, असं कुणी म्हणेल. पण इमिग्रेशनचं काम इंटेलिजन्स ब्युरोशी जोडलेलं आहे, आणि ब्युरो माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे कायद्याबाहेर ठेवलेल्या संस्थांत बसतो. तिथून बहुधा ही सूट देणाऱ्या कलम २४चा आकडा परत येतो.

मग उरतं मुंबई उच्च न्यायालय आणि राज्यघटनेच्या कलम २२६ खालची रिट याचिका. कागदावर तो हक्क सर्वांना आहे. पण वकिलाची फी, प्रत्येक तारखेला बुडणारा रोज, ठाण्याला किंवा कल्याणला जाऊन गाडी पकडायची आणि फोर्ट गाठायचा. भिवंडीला स्टेशन आहे, पण ते दिवा-वसई मार्गावर. तिथून व्हीटीला थेट जाता येत नाही. एक साधा प्रश्न, ‘का नाही?’, विचारण्यासाठी राज्यातल्या सगळ्यात वरच्या न्यायालयाचं दार ठोठावावं लागतं, आणि तिथेही सरकारतर्फे आधी हेच सांगितलं जातं की परदेशी माणसाला भारतात येण्याचा हक्कच नाही.

ते सांगणं कायद्याला धरून आहे, हेही मान्य करतो. १९५५ साली हान्स म्युलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की परदेशी व्यक्तीला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार पूर्ण आणि अनिर्बंध आहे. १९९१ साली लुई द राएट प्रकरणात तेच पुन्हा सांगितलं. आपल्या पुढाकारानं झालेला इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे एका फटक्यात मोडीत निघाले. ब्रिटिशांच्या काळातले जुनाट कायदे गेले, हे बरंच झालं. पण प्रवेशाच्या ठिकाणी इमिग्रेशन अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम, हे नव्या कायद्यातही आहे, आणि व्हिसाच्या नकारावर अपिलाची तरतूद त्यातही नाही. चार कायदे नव्यानं लिहायला बसलोच होतो, तर ही एक खोली बांधायची राहून गेली.

त्या विधेयकावर बोलताना, मार्च २०२५ मध्ये, देश म्हणजे धर्मशाळा नव्हे असं आपण लोकसभेत म्हणालात. मला ते पटलं. पण सून धर्मशाळेत येत नाही, घरात येते. तिला बोलावणारा या देशाचा नागरिक असतो. हान्स म्युलर एकटा परदेशी होता. त्याच्या मागे भारतीय बायको उभी राहून ‘माझ्या देशात मला माझ्या नवऱ्याबरोबर राहायचं आहे’ असं म्हणत नव्हती. नवरा-बायकोच्या व्हिसाचा अर्ज फेटाळला जातो तेव्हा नुकसान एका परदेशी माणसाचं आणि एका भारतीयाचं, असं दोघांचं होतं. त्यांतल्या भारतीयाला राज्यघटनेचं एकविसावं कलम आहे. जोडीदार निवडण्याचा हक्क त्या कलमात येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली शफीन जहाँ खटल्यात स्वच्छ सांगितलं आहे. निवडायचा हक्क आहे आणि एकत्र राहायचा प्रश्न निघाला की कारणही विचारायचं नाही, हे कसं जुळवायचं?

पासपोर्टचंही एके काळी असंच होतं. १९६७ पूर्वी पासपोर्ट म्हणजे सरकारची मेहरबानी होती. द्यायचा तर द्या, नाही तर नाही. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि अशी मोकाट मर्जी समानतेच्या हक्काविरुद्ध जाते. जूनमध्ये पासपोर्ट कायदा झालासुद्धा. पुढे १९७७ साली जनता सरकारनं मनेका गांधींचा पासपोर्ट ‘सार्वजनिक हितासाठी’ जमा करून घेतला आणि कारण सांगायला नकार दिला. परराष्ट्र खातं तेव्हा अटलबिहारी वाजपेयींकडे होतं. २५ जानेवारी १९७८च्या निकालानं हे पक्कं केलं की ज्याचा हक्क काढून घ्यायचा त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, आणि कार्यपद्धती न्याय्य हवी. त्यानंतर देश बुडाला नाही. पासपोर्ट अजूनही नाकारले जातात, आणि योग्य कारणांसाठीच नाकारले जातात असं मी धरून चालतो. फरक एवढाच की नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला आता दोन ओळी लिहाव्या लागतात, आणि लिहायच्या म्हटलं की माणूस थोडा विचार करतो. सरकारी टेबलापलीकडे कधीही उभं राहिलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे.

नागरिकत्व कायद्यातही बघा. भारतीयाशी लग्न करून सात वर्षं इथे राहिलेल्या व्यक्तीला कलम ५ खाली नागरिकत्वाची नोंदणी मागता येते. कलम १४ तिथेही सरकारला कारण न देण्याची मुभा देतं, आणि ते मला खटकतं. पण निदान त्या कायद्यात पुनरीक्षण आणि फेरविचार यांची कलमं आहेत. म्हणजे संसाराच्या शेवटच्या टप्प्याला, नागरिकत्वाला, काहीतरी दाद आहे. पहिल्या टप्प्याला, उंबरठा ओलांडायला, काहीच नाही.

इतर देश काय करतात हे सांगितल्याशिवाय आपल्याकडे कुणाला काही पटत नाही, म्हणून दोन देशांचं सांगतो. ब्रिटननं नवरा-बायकोच्या व्हिसाला एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंडांच्या उत्पन्नाची अट लावली आहे, म्हणजे तीस लाख रुपयांहून जास्त. आमच्याकडून तिकडे गेलेल्या किती पोरांना ते जमेल, हा वेगळाच विषय. पण त्या देशात नकाराचं पत्र येतं, त्यात कारण असतं, आणि कौटुंबिक जीवनाच्या हक्काच्या आधारावर न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. अर्जदार देशाबाहेर असेल तर त्यासाठी २८ दिवस मिळतात. उत्पन्नाची अट १८,६०० पौंड होती तेव्हा तिला आव्हान देणारी माणसं २०१७ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात अटीपुरती हरली. तरी न्यायालयानं सांगितलं की मुलांच्या हिताचा नीट विचार झालेला नाही आणि उत्पन्नाचे इतर मार्गही बघायला हवेत, आणि त्याच वर्षी सरकारला नियम बदलावे लागले. कारण लिहिलेलं होतं म्हणून त्याच्याशी भांडता आलं.

अमेरिकेचं उलट. जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मुन्योझ खटल्यात निकाल दिला की परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत हक्क अमेरिकी नागरिकालाही नाही. त्या खटल्यातली बायको अमेरिकी, स्वतः वकील. नवरा एल साल्वाडोरचा. नकारानंतर तीनेक वर्षांनी, कोर्टात भांडून, त्यांना कळलं की वकिलातीला नवऱ्याच्या अंगावरच्या गोंदणामुळे टोळीचा संशय आला होता. संशय खरा की खोटा हे सोडा. तो पहिल्याच दिवशी सांगितला असता तर त्याचं उत्तर पहिल्याच दिवशी देता आलं असतं. नऊपैकी तीन न्यायमूर्ती त्या निकालाच्या विरोधात गेले. आपण कुठल्या वाटेनं जायचं ते आपल्याला ठरवायचं आहे. मला वाटतं, आपण न ठरवताच दुसऱ्या वाटेला लागलो आहोत.

आणि एक जुनी गोष्ट. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी गेलेल्या एका भारतीय शिक्षिकेची ‘कौमार्य तपासणी’ झाली. ती खरंच लग्नासाठी आली आहे का, हे ठरवण्याची ही ब्रिटिश अधिकाऱ्यांची रीत. पुढे उघड झालं की भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही हे चालत होतं. भारत सरकारनं तेव्हा कडक निषेध नोंदवला. परक्या टेबलावर आपल्या मुलीचं काय होतं याची चाड असलेलं सरकार तेव्हा होतं. तीच चाड आपल्याच टेबलावर का नसावी? आपल्याकडे असं अमानुष काही होतं, असं मी बिलकुल म्हणत नाही. आपल्याकडे फक्त सांगितलं जात नाही.

आता एका अवघड मुद्द्याकडे येतो, आणि तो भिवंडीत जास्त बोचतो. पाकिस्तानी आणि बांगलादेशी नागरिकांना भारतात दीर्घकाळ राहण्यासाठी जो व्हिसा असतो, ज्याला आमच्याकडे सगळे ‘एलटीव्ही’ म्हणतात, त्याच्या पात्रतेच्या यादीत भारतीयाशी लग्न करून इथे राहणाऱ्या स्त्रिया आहेत. लग्न केलेले पुरुष नाहीत. म्हणजे भारतीय मुलानं कराचीची बायको आणली तर रस्ता आहे. भारतीय मुलीनं कराचीच्या मुलाशी लग्न केलं, तर तिनं तिकडे जावं असं आपला नियम गृहीत धरतो. उरतो ‘अत्यंत करुणाजनक प्रकरणां’चा रकाना. अगदी असाच फरक ब्रिटननं एकेकाळी ठेवला होता. बायकांना येऊ द्यायचं, नवऱ्यांना रोखायचं. १९८५ साली स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानं अब्दुलअझीझ खटल्यात तो स्त्रियांवरचा अन्याय ठरवला, आणि त्या स्त्रियांना देशात दाद मागायची परिणामकारक सोय नव्हती, यावरही बोट ठेवलं. (ब्रिटननं मग काय केलं? नवऱ्यांना सवलत देण्याऐवजी बायकांचीच काढून घेतली. सरकारं जगभर सारखीच.) ‘बेटी बचाओ’ म्हणणाऱ्या सरकारनं हा फरक चाळीस वर्षांनंतरही का ठेवावा, मला समजत नाही.

२२ एप्रिल २०२५ला पहलगामला हल्ला झाला. नंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द झाले. एलटीव्ही त्यातून वगळले गेले. त्या आठवड्यात देश संतापला होता, मीही होतो. तरीही अटारीवर आईकडे भारताचा पासपोर्ट आणि मुलांकडे पाकिस्तानचा, अशी कुटुंबं उभी असलेली सगळ्यांनी पाहिली. युद्धसदृश वेळी सरकारनं दार लावलं, तर ते मी समजू शकतो. माझा प्रश्न शांततेच्या दिवसांतल्या नकाराबद्दल आहे, जेव्हा एक-एक फाईल बघायला वेळ असतो.

सुरक्षेचं काय, हा प्रश्न आपण विचारणारच, आणि विचारायलाच हवा. आमच्या नारपोली पोलिसांच्या हद्दीत बनावट आधार कार्डावर राहणारी माणसं पकडली गेल्याच्या बातम्या आम्हीही वाचतो. कागदोपत्री लग्नं लावून देणारे दलालही असतात. त्यांची वकिली मी करत नाही. खोटं लग्न असेल तर ‘लग्न खोटं आहे, कारण अमुक’ असं लिहा. दलालाला त्याचं उत्तर देता येणार नाही, खऱ्या जोडप्याला येईल. आणि खरोखर गुप्त काही असेल, तर त्याची सोय पासपोर्ट कायद्यानं कधीच करून ठेवली आहे: सार्वभौमत्व, सुरक्षा, परराष्ट्र संबंध किंवा सार्वजनिक हित यांना बाधा येत असेल तिथे कारणांची प्रत द्यायची नाही. तोच अपवाद इथे जसाच्या तसा आणा. माझी तक्रार एवढीच की इथे अपवादालाच नियम करून टाकलं आहे.

‘सुरक्षा’ हा शब्द उच्चारला की तपासायचं काही उरत नाही, असंही नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीत बरीच वर्षं संसार केलेल्या, मुलं असलेल्या एका पाकिस्तानी स्त्रीला व्हिसाची मुदत शिल्लक असताना देश सोडायची नोटीस आली. एका न्यायमूर्तींनी तिची याचिका फेटाळली. दिल्ली उच्च न्यायालयाच्याच खंडपीठानं मात्र प्रकरण पुन्हा पाहिलं आणि त्याच वर्षी नोटीस रद्द केली. नवरा दोनदा कोर्टात जाऊ शकला म्हणून. तो दिल्लीत होता, हेही त्यात आलं.

आपल्या सैन्याचं सर्वोच्च शौर्यपदक, परमवीर चक्र, ज्यांनी रेखाटलं त्या सावित्रीबाई खानोलकर मूळच्या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ईव्ह. १९३२ साली त्यांनी विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं, तेही वडिलांचा विरोध मोडून. इथली भाषा, पुराणं, कला त्यांनी अशी आत्मसात केली की स्वतंत्र भारताला पदकासाठी चिन्ह हवं होतं तेव्हा मेजर जनरल हिरालाल अटल यांना त्याच आठवल्या. प्रत्येक परदेशी सून सावित्रीबाई होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. नुसतं घर सांभाळलं, लूमच्या खडखडाटात पोरांचा अभ्यास घेतला, तरी पुष्कळ.

तर माझी मागणी अशी आहे. यासाठी संसदेत नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही. २०२५च्या कायद्याखाली नियम आणि आदेश काढण्याचा अधिकार सरकारकडे आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो वापरून झालाही आहे. त्याच वाटेनं एक दुरुस्ती करावी. भारतीय नागरिकाच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा व्हिसा नाकारला किंवा वाढवून दिला नाही, तर त्याचं कारण लेखी नोंदवावं आणि मागितल्यावर द्यावं. त्या निर्णयावर, नाकारणाऱ्यापेक्षा वरच्या आणि वेगळ्या अधिकाऱ्याकडे, ठरलेल्या मुदतीत एक अपील असावं. ते ऑनलाइन करता यावं, दिल्लीला जावं लागू नये. अपिलात त्या भारतीय जोडीदारालाही पक्षकार मानून त्याचं म्हणणं ऐकावं, कारण आज नकार कळवला जातो तो परदेशी अर्जदाराला, आणि ज्याच्या दारावर चौकशी झाली त्याला कधीकधी तो व्हॉट्सअॅपवरच्या फोटोतून समजतो. एलटीव्हीच्या यादीत ‘स्त्रिया’ आहे तिथे ‘जोडीदार’ असा शब्द घालावा. आणि जो आदेश निघेल त्याची एक प्रत भारतातल्या पत्त्यावर, टपालानं, त्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत यावी. नारपोलीत ती मराठी असेल, हिंदी असेल, उर्दू असेल, पद्मानगरच्या बाजूला कदाचित तेलुगू. पुढचं अपील मी भरून देईन, त्याचे पैसे मी घेणार नाही.

कळावे,

आपला,
भिवंडी लोकसभा मतदारसंघातला एक मतदार,
नारपोली, भिवंडी, जि. ठाणे